पोरांनी अहिराणीत लिहिलं तर लाल पेन चालवायचं का?

पारोळ्याची बाई:
नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, सहावी-सातवीचं मराठी माझ्याकडे. अडचण अशी की आमची पोरं निबंध लिहितात ते सगळे गाईडमधले. 'माझी आई' म्हटलं की बावीस वह्यांमधे एकच आई, पहाटे उठते, देवपूजा करते, मला शाळेत सोडायला येते. यातल्या निम्म्या आया त्या वेळेला वावरात असतात हो! म्हणून दिवाळीनंतर मी सांगितलं की काल संध्याकाळी घरी जे झालं तेवढंच लिहा, दहा ओळी, गाईड बंद. तर एका पोरीने लिहिलं, 'मनी माय कापूस येचाले जास. तिना बोटं फाटेल शेतस. रातले मी तिले तेल लाई देस.' तीनच ओळी. मी वही हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे दाखवलं तर एक सहकारी म्हणाले मॅडम ही सवय आत्ताच मोडा, पुढे बोर्डाला 'शे' आणि 'शेतस' चालणार नाही, आणि त्यांचंही पूर्ण चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण त्या तीन ओळींवर लाल पेन फिरवलं तर ती पोरगी परत गाईडमधलीच आई लिहील ना? शिवाय या लिखाणाचं एक हस्तलिखित करून गावात वाचायला ठेवावं असं मनात आहे, पण घरातल्या गोष्टी बाहेर गेल्या म्हणून पालक रागावतील अशी भीती वाटते. कुणी केलंय का असं काही?

अमळनेरचा जुना मास्तर:
ताई, पेन चालवा पण सगळ्यात शेवटी. आधी त्या ओळींना उत्तर द्या. तिने तुम्हाला काहीतरी सांगितलंय, त्याच्या खाली नुसती सही आणि तारीख आली तर पोराला कळतं की बाईंनी वाचलं नाही, तपासलं. 'आईची बोटं आता कशी आहेत?' एवढं जरी लिहिलं तरी पुढचं पान ती आपणहून लिहिते, मी तीस वर्षं हे पाहिलंय. आणि दुसरं म्हणजे आपण स्वतः लिहायचं. आमच्या गावात साने गुरुजी १९२४ ला प्रताप हायस्कूलमधे शिक्षक म्हणून आले, वसतिगृहही त्यांच्याकडे होतं, तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे, मुलं ते वाचायची. पुढे १९२८ मधे 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. म्हणजे मुलांना लिहा म्हणण्याच्या आधी शिक्षक मुलांसाठी लिहीत होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपण पोरांकडून लिहून घेतो आणि स्वतः फळ्यावर फक्त सुविचार लिहितो. आठवड्यातून एकदा फळ्यावर तुमच्या घरच्या दहा ओळी लिहा, बघा काय फरक पडतो.
बोर्डाच्या भीतीचं म्हणाल तर तेच लिखाण पोरीकडूनच प्रमाण मराठीत परत लिहून घ्या, शेजारच्या पानावर. शे म्हणजे आहे, तठे म्हणजे तिथे, बठ्ठा म्हणजे सगळा, अशी यादी वर्गाने मिळून करायची. व्याकरण त्यातूनच शिकवून होतं, वेगळा तास लागत नाही. फक्त पहिलं पान फाडायचं नाही.

धडगावकडचा:
सर, तुमचं पटतं पण आमच्याकडे 'शेजारच्या पानावर' इतकं सोपं नाही. मी सातपुड्यात आश्रमशाळेवर आहे, पोरं घरी पावरी बोलतात, काही भिली. अहिराणीवाल्या पोराला मराठी जवळची तरी आहे, आमच्या पहिलीतल्या पोराला पुस्तकातली मराठी नवीनच भाषा असते आणि त्यात ते घरापासून लांब, रात्री आईची आठवण काढून रडणारं. आम्ही लहानाने सांगायचं आणि सातवीच्या पोराने लिहून घ्यायचं असं सुरू केलं. पावरीतच, देवनागरीत. काही उच्चार देवनागरीत बसत नाहीत मग दोन मोठी पोरं त्यावर वाद घालतात की हे कसं लिहायचं, आणि मी मधे पडत नाही कारण ती भाषा त्यांची आहे, मला तर अजून नीट येत पण नाही. लहान पोराला आपलं बोलणं कागदावर आलेलं दिसतं, मोठ्याला आपण कामाचे वाटतो. वसतिगृहातली भांडणं कमी झाली हे मी माझ्या डोळ्याने बघितलं. मराठीत करायची घाई मात्र करू नका बाई, निदान दोन-तीन महिने थांबा.

गिरणाकाठ:
मी शिक्षक नाही, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, भडगावकडे. पालकांच्या रागाबद्दल सांगतो. आमच्या गुरुजींनी घरातल्या गोष्टीपासून सुरुवातच केली नाही, १९७२ च्या दुष्काळावर लिहायला लावलं, प्रत्येकाने एका म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. पोरं घरोघर गेली. खडी फोडायला कोण कुठे गेलं, दुष्काळात वाटायचे ती सुकडी कशी लागायची, मिलो नावाच्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, कुणी गुरं विकली, कुणी सोडून दिली. माझ्या वडिलांनी माझ्याजवळ कधी काढलं नाही ते नातवाला दोन तास सांगितलं, मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. मग ते लिखाण छापायच्या आधी ज्याचं त्याला वाचून दाखवलं, हे गाळा म्हटलं तर गाळलं, आणि २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर पोरांनी वाचलं. एरवी जी माणसं शाळेच्या फाटकात येत नाहीत ती खाली बसून ऐकत होती, आणि त्यानंतर वर्गखोलीच्या पत्र्यासाठी वर्गणी मागायला आम्हाला दोनदा फिरावं लागलं नाही. तर आधी विचारा, वाचून दाखवा, मगच गावात ठेवा. त्या मायला पण वाचून दाखवा.

जळगाव खुर्द:
एक भर घालते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलाने उतरवून घेतलं म्हणून त्यांची कविता राहिली आणि त्या गेल्यावर १९५२ ला पुस्तक आलं. ती भाषा लेवा बोली, अहिराणी नाही, आमच्याकडे लोक दोन्ही एकच समजतात. त्याच बोलीत लिहिलेलं आज अख्खा महाराष्ट्र पाठ म्हणतो, तुमच्या सहकाऱ्यांना हे एकदा सांगून बघा.

पारोळ्याची बाई:
सगळ्यांचे आभार, गिरणाकाठ दादांचं वाचून तर डोळे भरून आले. दुष्काळाचं आम्ही पुढच्या शनिवारपासून घेतोय, हस्तलिखित त्याचंच करू, घरचं लिखाण वहीतच राहू देते. आज फळ्यावर माझ्या घरच्या दहा ओळी लिहिल्या, एरवी मागच्या बाकावर गडबड असते, आज पोरं चिडीचूप वाचत होती. आणि त्या पोरीच्या वहीत परवा विचारलं होतं की आईची बोटं आता कशी आहेत, तर आज खाली उत्तर आलंय, 'आते थोडं बरं शे. पन बाई, आजून दोन येचन्या बाकी शेतस.'