मदत हवी आहे: अख्ख्या मेटल बँडचा दौरा १२ टन सामानात कसा भागतो?

मोरपंखी
नमस्कार मंडळी. मी पुण्यात लॉजिस्टिक्स शिकतेय. सेमिनारसाठी आयर्न मेडनचा २००८ चा जागतिक दौरा निवडलाय. मेटलमधलं मला फार कळत नाही, भावाच्या खोलीतून भिंतीपलीकडून येतं तेवढंच. त्यामुळे प्रश्न गाण्यांचा नाही, सामानाचा आहे.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला सुरुवात आणि १६ मार्चला टोरांटोत पहिला टप्पा संपला. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम, जवळपास ५०,००० मैल प्रवास. बँड, तंत्रज्ञ आणि सुमारे १२ टन सामान, सगळं एकाच बोइंग ७५७ मधून. त्यात कॅप्टनच्या खुर्चीत खुद्द गायक, ब्रूस डिकिन्सन.

गाडी अडलीय ती १२ टनांवर. आपल्या हायवेवरचा एक मोठा ट्रक याहून जास्त माल नेतो. मग स्टेजवरचा तो इजिप्तचा देखावा, स्पीकर, लाइट्स हे सगळं त्यात कसं मावलं? की निम्मं सामान जहाजाने आधीच पुढे जायचं? आणि विमान बिघडलं तर काय करायचे? सरांनी नेमकं हेच विचारलंय. कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सांगा.

भोंगा
मुंबईत साउंडच्या कामात आहे, म्हणून लिहितो. तुमचा घोळ असा आहे की स्टेजवर दिसतं ते सगळं बँडचं, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं. पीए, म्हणजे ते दोन्ही बाजूंना टांगलेले स्पीकर, ट्रस (लाइट्स-स्पीकर टांगायचा धातूचा सांगाडा), बहुतेक लाइट्स, जनरेटर, बॅरिकेड, खुद्द स्टेजचा सांगाडा, हे त्या त्या शहरात भाड्याने घेता येतं. वजनाचा मोठा वाटा तिथेच जातो. बँड स्वतः आणतं ती बॅकलाइन: ड्रमसेट, गिटारी, अँप, कॅबिनेट (अँपला जोडायच्या स्पीकरच्या पेट्या), मॉनिटरची म्हणजे वादकांना स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकवणारी यंत्रणा. ड्रमरचा सेट किंवा गिटारवाल्याचा ठरलेला आवाज ऐन वेळी भाड्याने मिळत नाही ना.

हे जमतं ते टेक रायडरमुळे, म्हणजे बँडच्या तांत्रिक गरजांच्या यादीमुळे. कोणते स्पीकर, किती वीज, छताला कुठे किती वजन टांगणार, हे सगळं काही महिने आधी आयोजकाकडे लेखी येतं. मग मेल, नकाशे, पुन्हा मेल. विमान उतरण्याआधी निम्मं काम कागदावर झालेलं असतं. सेमिनारमध्ये विमानाचा फोटो सगळेच दाखवतील, तुम्ही रायडर दाखवा.

शेवटची_लोकल
बीकेसीला मी होतो!! कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजवतात ते चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि पुढचं काही विचारू नका. सामानाबद्दल एकच सांगतो. मेडनचे मागचे पडदे बघा, गाणं बदललं की पडदा बदलतो. अवाढव्य चित्रं, पण शेवटी कापडच. घडी केली की पेटीत. १९८४-८५ च्या त्यांच्या दौऱ्याचा इजिप्तचा देखावा २००८ ला पुन्हा उभा केला होता, त्यातही रंगवलेल्या कापडाची कमाल बरीच. आपली नाटक कंपनी टेंपोत बंगला घालून सांगली गाठते, तसंच हे.

(बाकी भिंतीपलीकडून ऐकताय हे वाचून वाईट वाटलं. भावाला दार उघडायला सांगा.)

हँगर_नं_३
विमानाची बाजू मी सांगतो, देखभालीच्या कामात आहे. ७५७ हे एका मार्गिकेचं प्रवासी विमान. त्याच्या पोटातल्या होल्डमध्ये साधारणपणे मोठे कंटेनर नाही, सुटं सामान हातानेच रचतात. म्हणून मागच्या भागातल्या सीट काढून केबिनमध्येही मालासाठी जागा केली होती. म्हणजे प्रश्न नुसत्या टनांचा नाही. पेटी दारातून आत गेली पाहिजे, माणसांना उचलता आली पाहिजे आणि विमानाचा तोल राखेल अशा जागी बसली पाहिजे. त्यामुळे पेट्यांची मापं विमान ठरवतं, बँड नाही. तुमच्या विषयाला हा मुद्दा फार उपयोगी पडेल.

विमान बिघडलं तर काय, याचं उत्तर २०१६ मध्ये मिळालं. तेव्हा त्यांच्याकडे ७४७-४०० होतं. ते चालवायचं म्हणून ब्रूसने वेगळं प्रशिक्षण घेतलं. १२ मार्चला सांतियागो विमानतळावर विमान ओढून नेताना टगवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवरच आदळलं. दोन इंजिनांचं मोठं नुकसान झालं आणि विमानतळावरचे दोन कर्मचारी जखमी झाले. तरीही अर्जेंटिनातले पुढचे दोन्ही कार्यक्रम झाले, माणसं आणि सामान दुसऱ्या वाटेने गेलं. इंजिनं बदलून विमान नंतर त्याच दौऱ्यात परत आलं.

मोरपंखी
बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. भोंगा, एक शंका. एवढं सगळं तिथेच भाड्याने मिळत असेल तर स्वतःच्या विमानाचा हट्ट कशाला? तिकिटं काढून जायचं, पेट्या कार्गोने पाठवायच्या. स्वस्त नाही का पडणार?

भोंगा
दोन शहरं जवळ असतील तर ट्रकच बरा, युरोपात सगळे तेच करतात. पण नकाशा बघा. १ तारखेला मुंबई, ४ तारखेला पर्थ, १९ ला लॉस एंजेलिस, महिनाअखेरीस कोस्टा रिका आणि कोलंबिया. जहाजाला यातलं एकही अंतर वेळेत झेपत नाही. कार्गोने पाठवलं तर माणसं एका विमानात, पेट्या दुसऱ्या, आणि पेट्या कुठेतरी अडकल्या की कार्यक्रम गेला. शिवाय कार्यक्रम नसलेल्या दिवशीही ६०-७० माणसांचं हॉटेल, जेवण, पगार चालूच असतो. मधले रिकामे दिवस जितके कमी तितकं विमान परवडतं. कोस्टा रिका आणि कोलंबियात मेडन तोवर कधी वाजलंच नव्हतं. ही शहरं हिशोबात बसली ती विमानामुळेच, असं माझं मत.

आणि उलटं उदाहरण हवं असेल तर मेटॅलिका या दुसऱ्या मेटल बँडचा २०२३ ला अॅमस्टरडॅमहून सुरू झालेला दौरा घ्या. स्टेडियमच्या मधोमध गोल स्टेज, एकेका शहरात दोन रात्री, दोन्ही रात्री वेगळी गाणी. असं स्टेज कुठे भाड्याने मिळणार? म्हणून पोलादी सांगाड्याचे दोन संच. एकावर कार्यक्रम चालू, तोवर दुसरा पुढच्या शहरात उभा राहतोय. ट्रकच्या रांगा लागतात. दोन्ही दौरे शेजारी मांडा, सर खूश.

हँगर_नं_३
कस्टम्स विसरू नका. प्रत्येक देशात सामान शिरतं आणि चार दिवसांत बाहेर पडतं. दर वेळी आयात शुल्क भरत बसलं तर दिवाळंच निघेल. त्यासाठी एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, त्यात पेटीतल्या वस्तूंची यादी. आपल्याकडे तो फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. जिथे कार्नेट चालत नाही तिथे तात्पुरत्या आयातीची वेगळी प्रक्रिया. यादीत आहे ती वस्तू परत जाताना दिसलीच पाहिजे, नाहीतर शुल्क मागतात.

मोरपंखी
कार्नेटचा भाग तर आमच्या अभ्यासक्रमातच आहे, आता उदाहरण मिळालं. भोंगा, एखादा जुना रायडर बघायला मिळेल का? बँडचं, आयोजकाचं नाव खोडून दिलंत तरी चालेल. मला फक्त वीज आणि वजनाची पानं हवीत.

भोंगा
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, त्यात रायडर आहे. छोट्या बँडचा आहे, पण आराखडा तसाच असतो. वजनाचे आकडे पौंडात आहेत, किलो करून घ्या.