कोलार गोल्ड फील्ड्स मुलांना कसं समजवावं?

आरवली_वाचक

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांपुढे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजे केजीएफ या सोन्याच्या खाणींच्या गावाबद्दल चाळीस मिनिटं बोलायचं आहे. सिनेमामुळे नाव सगळ्यांना ठाऊक, गाव कुणालाच नाही. मुलांनी प्रश्न आधीच लिहून दिलेत: सोनं शिल्लक असताना खाण बंद का केली? दगडातून सोनं काढतात कसं? आणि आपल्या ओढ्यात चमकतं ते सोनं असतं का? जवळच्या रेडीच्या लोहखनिजाच्या खाणी मुलांनी पाहिल्या आहेत, तिथून धागा जोडता आला तर उत्तम.

खडकवाट

रेडीपासूनच सुरुवात करा, पण फरक पहिल्या मिनिटाला सांगून टाका. रेडीची खाण वरून उघडी. माती-जांभा बाजूला सारायचा, खनिज उचलायचं, बंदरावर न्यायचं. चांगल्या लोहखनिजात टनामागे सहाशे किलो लोखंड असतं. केजीएफला शेवटच्या काळात टनामागे सोनं उरलं होतं तीन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे दहा ग्रॅमचा एक तोळा मिळवायला तीन टनांहून जास्त दगड फोडायचा. मुलांना हे चिऱ्यांत सांगा. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलोंचा धरला तर शंभर चिऱ्यांची रास झाली. ती जमिनीखालून, काही ठिकाणी तर तीन किलोमीटर खोलीवरून, वर ओढायची आणि पिठासारखी दळायची, तेव्हा हाती एक तोळा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. सोनं संपलं नव्हतं, कस उतरला होता. सव्वाशे वर्षांत तिथल्या सुमारे ५ कोटी टन दगडातून ८०० टनांहून जास्त सोनं निघालं. सरासरी टनाला १५-१६ ग्रॅम. तीनवर आल्यावर वीज, पंप, मजुरी यांचा खर्च निघेना. त्यात २००१ च्या सुरुवातीला जागतिक भाव औंसाला २६०-२७० डॉलर इतका पडलेला. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद झाली.

खोल का जावं लागलं, हे फळ्यावर काढूनच दाखवा. सोनं गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरेत आहे. चॅम्पियन लोड ही मुख्य शीर आठेक किलोमीटर लांब, पण रुंदीला सरासरी जेमतेम मीटरभर, आणि तिरकी खाली उतरणारी. फळ्यावर एक तिरकी रेघ ओढली की मुलांना कळतं की वरून उघडी खाण इथे चालणार नाही, शिरेच्या मागे मागेच उतरावं लागेल. असं उतरत ३.२ किलोमीटर गेले. त्या खोलीवर खडकच साठ अंशांच्या वर तापलेला असतो, त्यामुळे हवा थंड करून खाली सोडावी लागायची.

खरा धोका मात्र खडक फुटण्याचा. तीन किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार चौरस सेंटीमीटरला ८०० किलोंहून जास्त. शीर काढून पोकळी केली की तो भार बाजूच्या खडकावर आणि मधे सोडलेल्या खांबांवर जातो. खडक कठीण असल्यामुळे हळूहळू दबत नाही, ताण साठवतो आणि एका क्षणी स्फोटासारखा फुटतो. वर गावातली घरं हादरायची. उपाय म्हणून पोकळीत आधी लाकडाचे थर रचत. ते दबतात आणि जळतातही, म्हणून पुढे ग्रॅनाइटच्या दगडांचं बांधकाम आणि नंतर काँक्रीट आलं. कुठली शीर कोणत्या क्रमाने काढायची हेही बदललं, कारण चुकीच्या क्रमाने काढलं तर मधे उरलेल्या खांबावर सगळा भार एकवटतो.

पेठेतला_दिवा

गावाबद्दल थोडं. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन म्हैसूर राज्याची हद्द मोजत असताना मारिकुप्पम भागात लोक माती धुऊन सोन्याचे कण काढतात असं त्याला आढळलं. १८७५ मध्ये मायकल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाला खाणीचा परवाना मिळाला, पण भांडवल अपुरं. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही इंग्लिश कंपनी उतरली आणि गाव त्यानंतर उभं राहिलं. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून जवळपास १५० किलोमीटर वाहिनी टाकून ३० हजार व्होल्टने वीज आणली, ती आधी खाणीसाठी. बंगळूर शहराला त्यानंतर, १९०५ मध्ये. मुलांना ही गोष्ट आवडेल.

कामगार मुख्यतः तमिळ आणि तेलुगू भागांतून आले. म्हणून कर्नाटकात असूनही रॉबर्टसनपेट, अँडरसनपेट भागात तमिळ सर्रास ऐकू येते. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फचं मैदान एका बाजूला आणि खाणकामगारांच्या चाळी दुसऱ्या बाजूला, ही विभागणी आजही डोळ्यांना दिसते. १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, १९६२ मध्ये त्या केंद्राकडे गेल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स झाली. १९६४ पासून तिथे बीईएमएल या अवजड यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा कारखाना आहे. खाण मिटल्यावर बरेच जण रोज रेल्वेने बंगळूरला कामाला जाऊ लागले.

विज्ञानाच्या शिक्षकांना हे जरूर सांगा: १९६५ मध्ये चॅम्पियन रीफच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका सिटी आणि डरहॅम विद्यापीठांच्या गटाने वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो (जवळपास कशातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण) टिपले. वरचा खडक बाकीचे वैश्विक किरण अडवतो, म्हणून ही खोली त्यांना सोन्याइतकीच मोलाची होती.

सवागी_आणि_मूस

दगडातून सोनं काढण्याचं सांगतो. आधी दगड जबड्यासारख्या यंत्रात चिरडायचा, मग स्टॅम्प मिलमध्ये लोखंडी मुसळांखाली पाण्याबरोबर कुटायचा. तो लगदा पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून वाहू द्यायचा. मोकळे कण पाऱ्याला धरतात, ते खरवडून, पारा उडवून सोनं घ्यायचं. बारीक आणि अडकलेलं सोनं मात्र यातून निसटतं. त्यासाठी सायनाइडचं पातळ द्रावण. पाण्यात चुना घालून ते अल्कधर्मी ठेवावंच लागतं, नाहीतर विषारी वायू सुटतो. हवेच्या साथीने सोनं द्रावणात विरघळतं. गाळून, त्यातली हवा काढून जस्ताची भुकटी टाकली की सोनं काळ्या गाळाच्या रूपात खाली बसतं. हवा नीट काढली नाही तर जस्त वाया जातं आणि सोनं पुरतं बसत नाही. शेवटी सवागी (बोरॅक्स) घालून मुशीत वितळवायचं, जसं आपला सोनार करतो तसंच.

उरलेला पिठासारखा चोथा म्हणजे गावाभोवतीचे ते राखाडी डोंगर. तीन कोटी टनांहून जास्त आहे. त्यावर गवत नीट धरत नाही आणि वारा सुटला की बारीक धूळ घराघरांत शिरते. हा भाग मुलांपासून लपवू नका.

आरवली_वाचक

फार उपयोग झाला. दोनच गोष्टी राहिल्या: खाणीत उतरता येतं का, आणि ओढ्यातल्या चमकीचं काय?

खडकवाट

उतरता येत नाही. पंप थांबल्यावर खालचे मजले पाण्याने भरले. सहलीला नेलंत तर शाफ्टचे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरींवरचे, मनोरे लांबूनच दाखवा आणि चोथ्याच्या डोंगरावर मुलांना चढू देऊ नका. मडगावहून लोंढा-हुबळी मार्गे बंगळूर, तिथून बंगारपेट, आणि बंगारपेटहून मारिकुप्पमचा रेल्वेफाटा. त्या फाट्यावरच ऊरगाम आणि चॅम्पियन ही स्थानकं लागतात.

सवागी_आणि_मूस

ओढ्यातली चमक बहुतेक वेळा अभ्रकाची. पापुद्रा नखाने सुटला की अभ्रक. पितळी रंगाचे चौकोनी, कोपरे असलेले खडे असतील तर माक्षिक, म्हणजे पायराइट. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा: माक्षिकाची रेघ हिरवट-काळी उमटते, सोन्याची पिवळीच. चाकूने सोनं सहज खरवडतं, माक्षिक दाद देत नाही. हातोडीने सोनं चपटं होतं, माक्षिकाचा चुरा होतो आणि गंधकाचा वास येतो. हातोडी सगळ्यांत शेवटी, कारण नंतर मुलांना दाखवायला खडा उरत नाही.