प्रवेशाचं उत्तर येईपर्यंत… आणि दोन ठिकाणांहून हो आलं तर? तुमचे अनुभव लिहा

गोकुळपेठवाली

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी सध्या पीएचडीच्या उत्तरांची वाट पाहते आहे. तिची आई काल भाजी घेताना भेटली. म्हणाली, "ताई, दोन ठिकाणांहून हो आलंय, तरी पोरगी धड जेवत नाही. आता काहून रडून राहिली, समजत नाही." मला समजलं. १९९८ च्या मार्चमध्ये मीही अशीच बसले होते.

नागपूरच्या अमरावती रोडच्या कॅम्पसमधून एमएस्सी केलं होतं. घरी फॅक्स कुठला! अर्जावर बर्डीच्या मोदी नंबर दोनमधल्या एका झेरॉक्सवाल्या काकांचा नंबर दिला होता. काही आलं की ते दुकानातल्या पोराला सायकलवर पाठवायचे. एका दुपारी पोरगा आला, मी तशीच स्लिपर घालून त्याच्यामागे निघाले. फॅक्सचा तो गुळगुळीत, हातात घेताच गुंडाळत जाणारा कागद. त्यात असिस्टंटशिपचा, म्हणजे विद्यापीठ काम देऊन जे पैसे देतं त्याचा, आकडा नेमका काळ्या पडलेल्या पट्ट्यात. संध्याकाळी बाबा तो ट्यूबलाइटखाली धरून बघत होते, नऊ हजार डॉलर की अकरा हजार? काकांनी बजावलं होतं, "याची आत्ताच झेरॉक्स काढ, हा कागद कालांतराने कोरा होतो." पैसे न घेता दोन प्रती काढून दिल्या. त्यातली एक अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

आठवड्याभरात दुसरीकडूनही हो आलं. नाव मोठं, मदत शून्य. आत्याने नाव धरून ठेवलं, बाबांनी न बोलता पीएफचं पासबुक काढलं. आई म्हणाली, "जिथे पैसे देऊन बोलावतात तिथे तुझं काम हवं आहे." मी छोट्या गावातल्या विद्यापीठात गेले आणि पीएचडी पूर्ण करून आले. तो निर्णय मला आजही पटतो.

तुम्ही कसं निवडलंत? सगळं वाचायला देणार आहे तिला, म्हणून मनापासून लिहा.

हिंगणा_टी_पॉइंट

काकू एमटेकचं चालेल ना? गेट या प्रवेश परीक्षेचा निकाल मार्चमध्ये, मग आयआयटीच्या ऑफर सीओएपी या सामायिक पोर्टलवर फेरीफेरीने येतात. दर वेळी तेच तीन पर्याय. ॲक्सेप्ट अँड फ्रीझ, रिटेन अँड वेट, रिजेक्ट अँड वेट. बाबा एमआयडीसीत फिटर. त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे हातची खोली न सोडता दुसरी पाहायची. मग रिटेन कर ना बेटा, घाबरतो कशाला." एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं.

सिव्हिलमध्ये जुन्या आयआयटीत ट्रान्सपोर्टेशन मिळत होतं, नव्या आयआयटीत स्ट्रक्चर्स. कॉलनीतल्या सगळ्यांचं एकच, नाव पाहा नाव. मला पूल डिझाइन करायचे होते. स्ट्रक्चर्स घेतलं. महिन्याला १२,४०० स्टायपेंड, मेस जाऊन थोडे उरायचे. आज पुलांवरच काम करून राहिलो.

दूध_उतू

वाचतेय सगळं. माझी लेक पुण्यात बसून वाट पाहतेय आणि मी इथे. गॅसवर दूध आहे, नंतर लिहिते.

मनीषनगर_मेट्रो

@गोकुळपेठवाली मग आकडा किती निघाला शेवटी? नऊ की अकरा?

गोकुळपेठवाली

अकरा 😊 बाबांनी सगळ्या कॉलनीत सांगितलं होतं.

रात्री_जागणारा_बाप

ज्यांच्या घरी मुलं रात्रभर फोन घेऊन बसतात त्या आईबापांसाठी लिहितो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास पुढे जातं. मग न्यूयॉर्क-बॉस्टनकडची कचेरी नऊ ते पाच म्हणजे आपले संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. कॅलिफोर्नियाकडची रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. म्हणजे मेल येतात ते आपल्या झोपेच्याच वेळी. हा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला आणि मुलीशी ठरवलं, बारानंतर फोन माझ्या उशाशी. मेल आला तरी सकाळी सहाला दोघांनी मिळून उघडायचा. बायको म्हणे तुम्हीच आता जागे राहता. राहतो. पण मुलगी झोपते.

दूध_उतू

दादा हे फोनचं फार आवडलं. आजच सांगते तिला, ऐकेल की नाही देव जाणे. माझ्याकडे ती जेवली का एवढंच विचारायची सोय आहे फोनवर.

वेटिंग_लिस्ट

२०२५ ची बॅच. ज्यांनी ते वर्ष पाहिलं त्यांना सांगायला नको. अमेरिकेत संशोधनाचा सरकारी पैसा आटला, बऱ्याच विभागांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या, काही ठिकाणी तर दिलेले प्रवेश मागे घेतले. माझ्या दोन मुलाखती छान झाल्या होत्या. एकीकडून नकार, दुसरीकडे वेटिंग.

१५ एप्रिलचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव आहे. ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे, ती पैशाच्या मदतीसह दिलेल्या ऑफरला त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. सही करणाऱ्यांची यादी त्यांच्या साइटवर असते. स्वतःच्या खर्चाच्या मास्टर्सला हे लागू नाही, तिथे जी तारीख लिहिली असेल तीच.

या ठरावामुळे शेवटच्या दोन दिवसांत सगळं हलतं. माझा मेल १४ तारखेच्या रात्री आला. प्रोफेसरांनी स्वच्छ लिहिलं होतं की आज एका विद्यार्थ्याने नाही कळवलं, ती जागा तुम्हाला देता येते, उद्यापर्यंत सांगा. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तो वाचला, पुन्हा वाचला, मग आईच्या हातात फोन दिला. तिला इंग्रजी फार येत नाही पण माझा चेहरा बघून ती देवापुढे साखर ठेवायला गेली.

त्या मुलाला किंवा मुलीला मी ओळखत नाही. म्हणून समोरच्या ताईंच्या मुलीला हात जोडून सांगते, तुझं मनात पक्कं झालं की दुसऱ्या ठिकाणी त्याच दिवशी नाही कळव. दोन ओळींचा मेल पुरतो. तिकडे कोणीतरी बसलेलं असतं गं.

हिंगणा_टी_पॉइंट

👏👏 ताई हे शाळेत शिकवायला पाहिजे

नंदनवन_डॉक्टर

आमचं वाट पाहणं वेगळंच. नीट पीजी २०२४, म्हणजे एमबीबीएसनंतरची प्रवेश परीक्षा, २३ जूनला. केंद्र दुसऱ्या गावी, मी आणि बाबा आदल्या दिवशीच पोहोचलो होतो. रात्री लॉजवर जेवून झोपायच्या तयारीत, तेवढ्यात ग्रुपवर बातमी, परीक्षा पुढे ढकलली. शेवटी ११ ऑगस्टला झाली. मग काउन्सेलिंगच्या फेऱ्या. घरच्यांना रेडिओलॉजी हवी होती, मला सायकियाट्री. रँकमध्ये दोन्ही बसत होतं, पण रेडिओलॉजी लांब राज्यात आणि सायकियाट्री जवळ. सायकियाट्रीच घेतली. रोज सकाळी ओपीडीत बसताना बरं वाटतं. आता राउंड आहे, पळते.

अंबाझरी_काठ

मी नागपुरातच राहिले, तेही लिहू दे. सगळे जाणाऱ्यांचंच लिहितात.

सीएसआयआर नेट जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, निघाली. पुण्यात एका प्रयोगशाळेत गाइड हो म्हणाले होते आणि इथे नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत पाण्यावरचं काम मिळत होतं. आईचं डायलिसिस सुरू झालेलं. नातेवाईक म्हणाले बिचारीला आईसाठी राहावं लागलं. मला ते वाक्य आजही आवडत नाही. विषय मला मनापासून हवा होता, आणि सकाळी आईला दवाखान्यात सोडून नऊला लॅबमध्ये पोहोचता येत होतं. फेलोशिप तेव्हा ३१,००० होती, जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. ती वाढ थकबाकीसकट हातात आली तेव्हा आईला पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने पैठणी घेतली, इतवारीतून. गडद जांभळी. तिने ती दवाखान्यात नेसून जायचा हट्ट केला आणि नेसली. नर्सबाईंनी फोटो काढला.

दूध_उतू

डोळ्यात पाणी आलं. आई कशा आहेत आता?

अंबाझरी_काठ

बऱ्या आहेत ताई. आठवड्यातून तीनदा जावं लागतं पण बऱ्या आहेत. आत्ता माझ्यासाठी ज्वारीची भाकरी टाकून राहिल्या, नको म्हटलं तरी.

उत्तर_नागपूर

मले लंडनच्या एका विद्यापीठातून मास्टर्सचा प्रवेश मिळाला, पण शासनाच्या शिष्यवृत्तीची यादी लागली नव्हती. तिकडे जागा धरून ठेवायला डिपॉझिट भरा म्हणून मेल, इकडे रोज यादी पाहायची. डिपॉझिटचे पैसे घरात नव्हतेच. शेवटी विद्यापीठाला सरळ लिहिलं की माझी शिष्यवृत्ती सरकारी आहे, यादी लागायची आहे, मुदत वाढवा. सोबत अर्जाची पोच जोडली. त्यांनी वाढवून दिली! मागितल्याशिवाय मिळत नाही, हे जो कोणी वाचून राहिला असेल त्याने लक्षात ठेवावं.

त्या दिवसांत बाबा मला घेऊन दीक्षाभूमीवर जायचे. स्तूपात बसायचो गार फरशीवर. बाबा सांगायचे, १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. आणि १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं, १९२० ला पुन्हा गेले तेव्हा पूर्ण झालं. "त्यांनी तीन वर्षं वाट पाहिली, आपण तीन महिने पाहू." यादीत नाव आलं तेव्हा बाबा ड्युटीवर होते. मी बसने त्यांच्याकडे गेलो, फोनवर सांगायचं नव्हतं मले.

गोकुळपेठवाली

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

प्रतापनगर_निवृत्त

सर्वांस नमस्कार. मुलाने जर्मनीचे अर्ज केले होते, म्हणून थोडे लिहितो. तिथे एपीएस प्रमाणपत्र (आपल्या गुणपत्रिका-पदव्या तपासल्याचा दाखला) लागते, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचे आहे. ते हाती येईपर्यंत इतर सर्व अडकून राहते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असे खाते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागले. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, परंतु सगळीकडे नाही असे धरून चालू नये. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून शुल्क सुरू केले. मुलाने वहीत दोन्ही शहरांचे घरभाडे, विमा, बसपास असा महिन्याचा हिशेब मांडला आणि शुल्क नसलेले, लहान शहर निवडले. मी निवृत्त माणूस, त्याने माझ्या पेन्शनचा विचार केला हे मला न सांगताच समजले.

मनीषनगर_मेट्रो

काका एक विचारायचं होतं. आपल्या विद्यापीठाचे ६२ टक्के तिकडे फार कमी दिसतात का? आमच्या वेळी ६० म्हणजे फर्स्ट क्लास, घरी पेढे वाटले होते.

वेटिंग_लिस्ट

मी सांगते. तिकडे ६० टक्के म्हणजे जेमतेम, म्हणून नुसता आकडा पाठवू नका. अर्जात जागा असेल तिथे लिहा की ६० च्या वर प्रथम श्रेणी असते, विद्यापीठात किंवा वर्गात क्रमांक असेल तर तो लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही हेच लिहायला सांगा. माझ्या मॅडमनी लिहिलं होतं, त्याचा उपयोग झाला.

मनीषनगर_मेट्रो

खूप आभार, भाच्यासाठी पाहिजे होतं. तो व्हीएनआयटीसारख्या नावाजलेल्या कॉलेजचा नाही ना, त्याला सगळे घाबरवून राहिले.

गाइड_महत्त्वाचा

पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, लॅबमधून लिहितोय. @गोकुळपेठवाली, त्या ताईला सांगा की निवडताना विद्यापीठाच्या नावाआधी गाइडच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांशी बोल. मेलवर नाही, फोनवर. लिहून कोणी खरं सांगत नाही, आवाजात कळतं. विचार की इथून लोक किती वर्षांत बाहेर पडतात, कोणी मध्येच सोडून गेलं का, सर आठवड्याला भेटतात का. स्टायपेंड नऊ महिन्यांचा आहे की बारा, हे नक्की विचार, उन्हाळ्यात घरभाडं थांबत नाही. आरोग्य विमा त्यातच आहे की कापून घेतात तेही.

मी दोन गाइडच्या विद्यार्थ्यांशी बोललो होतो. एकीचा पहिला प्रश्न होता, "तुझ्यावर घरची जबाबदारी आहे का? कारण इथे सुट्टी मिळत नाही." दुसऱ्या लॅबमधला मुलगा तासभर प्रयोगांबद्दलच बोलत राहिला, थांबवावं लागलं. कुठे गेलो असेन सांगायला नकोच. मागच्या वर्षी आजोबा गेले तेव्हा सरांनी स्वतः सांगितलं, घरी जा, रिपोर्टचं नंतर बघू.

गोकुळपेठवाली

आत्ता तिच्या आईला फोन केला. संध्याकाळी दोघी येणार आहेत, तुमचं सगळं मोठ्याने वाचणार आहे. नाही कळवायचं आणि विद्यार्थ्यांशी बोलायचं, या दोन गोष्टी तर तिच्याकडून आजच करून घेते. एका ठिकाणी कडक बर्फ पडतो म्हणून तिची आई घाबरली आहे, तेवढं कोणी समजवा.

गाइड_महत्त्वाचा

काकू घरात हीटर असतो, आपल्याकडे मेमध्ये कूलरपुढे बसतो तितकंही जाणवत नाही. बाहेर पडताना चांगला कोट हवा फक्त. इथे आल्यावर घेतला तर महाग पडतो.

प्रतापनगर_निवृत्त

मुलाचा जाड कोट घरी आहे, तो उंच झाल्याने त्याला आता होत नाही. दोन हिवाळेच वापरलेला, ड्रायक्लीन केलेला. मुलीला चालेल असे वाटते. माप मध्यम आहे. मी संध्याकाळी सातपर्यंत घरीच असतो.

गोकुळपेठवाली

काका, उद्या येते घ्यायला. पत्ता निरोपात पाठवा.