मारियो टेनिस एसेस: कॉम्प्युटरविरुद्ध जमणारा ब्लॉक ऑनलाइन का चुकतो?

टप्पा_आत

निन्टेन्डो स्विचवर मारियो टेनिस एसेस खेळतोय, कन्सोल हातात धरूनच, डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) वापरत नाही. सगळ्यात वरच्या म्हणजे एस पातळीच्या कॉम्प्युटरविरुद्ध झोन शॉट (ऊर्जा खर्चून, नेम धरून मारलेले जोरदार फटके) दहापैकी सात-आठ वेळा नीट ब्लॉक होतात, म्हणजे अचूक क्षणी बटण दाबून परतवता येतात. ऑनलाइन स्पर्धेत मात्र तोच ब्लॉक चुकतो, रॅकेट मोडतं आणि गुण शिल्लक असताना सामना जातो. कधी चेंडू मध्येच अडखळतो, तर कधी काहीच अडखळत नाही, पण बटण दाबल्यावर फटका उशिरा लागतो.

वायफाय वेगवान आहे, व्हिडिओ कधी अडकत नाहीत. मग हा दोष खेळाचा, जोडणीचा की हाताचा? आणि जोडणीचा असेल तर कन्सोल हातात धरूनच खेळायचं ठरवल्यास काय करता येईल?

बेसलाइन

तिघांचाही थोडा थोडा, पण मुख्य दोष खेळाच्या ऑनलाइन रचनेचा आहे.

या खेळात सामना दोन कन्सोलमध्ये थेट चालतो. तुमचं बटण समोरच्याकडे पोचायला आणि त्याचं तुमच्याकडे यायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ दोन्हीकडे फटका रोखून धरला जातो. चित्र सेकंदाला 60 फ्रेमने चालतं, म्हणजे एक फ्रेम साधारण 17 मिलिसेकंदांची. एका बाजूचा प्रवास 50 मिलिसेकंदांचा असला तरी तीन फ्रेम गेल्या. तुम्ही लिहिलेली दुसरी तक्रार, काहीही न अडखळता फटका उशिरा लागण्याची, ती हीच. डेटाचं पाकीट फारच उशिरा आलं तर दोन्ही कन्सोल थांबून वाट बघतात, तेव्हा चेंडू अडखळतो.

साध्या रॅलीत तीन फ्रेमचं काही वाटत नाही, कारण चार्ज शॉटसाठी बटण आधीच दाबून ठेवलेलं असतं. झोन शॉटच्या ब्लॉकचं तसं नाही. तिथे चेंडू रॅकेटला भिडण्याच्या क्षणीच बटण लागतं. थोडं मागेपुढे झालं की रॅकेटला इजा होते, अशा तीन इजा झाल्या की रॅकेट मोडतं. स्पेशल शॉटला (ऊर्जा पूर्ण साठल्यावर मारता येणारा फटका) तर एकच चूक पुरते.

उशीर स्थिर असेल तर हात तीन-चार रॅलींत जुळवून घेतो. आता तीन फ्रेम, मग आठ, मग पुन्हा चार असं झालं की कुणाचाच हात टिकत नाही. म्हणून डाउनलोडचा वेग बघून उपयोग नाही. खेळाला लागणारा डेटा अगदी थोडा असतो. बघायचं ते उशीर किती स्थिर आहे.

सर्व्हिस_लाइन

जोडणी या क्रमाने तपासा:

१. सिस्टम सेटिंग्ज, मग इंटरनेट, मग टेस्ट कनेक्शन. खाली नॅट टाइप दिसेल, म्हणजे राउटर बाहेरच्या खेळाडूंशी थेट जोडणी किती सहज होऊ देतो याची श्रेणी. ए किंवा बी असेल तर पुढे चला. डी असेल तर बऱ्याच खेळाडूंशी जोडणीच होणार नाही.

२. कन्सोल राउटरच्या 5 गिगाहर्ट्‌झच्या नेटवर्कला जोडा. 5 आणि 2.4 गिगाहर्ट्‌झचे दोन्ही पट्टे एकाच नावाने चालत असतील तर राउटरमध्ये त्यांना वेगळी नावं द्या, नाहीतर कन्सोल 2.4 वर जाऊन बसेल आणि कळणारही नाही. 5 चा पट्टा भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो, तेव्हा राउटरच्याच खोलीत बसा.

३. सामना चालू असताना घरातल्या दुसऱ्या कुठल्या उपकरणावरून अपलोड चालू नको. फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतील तर राउटरच्या रांगेत खेळाची पाकिटं त्यांच्यामागे अडकतात. व्हिडिओ सुरळीत दिसतो कारण त्याचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असतो. खेळाला ती सोय नाही. राउटरमध्ये क्यूओएस (कुठल्या उपकरणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सोय) असेल तर कन्सोलला वरचा क्रम द्या.

हातात धरून खेळण्याचा एक फायदाही आहे. जॉय-कॉन (सुटे होणारे दोन कंट्रोलर) बाजूला लावलेले असले की बटणांचे संदेश रुळातूनच जातात, ब्लूटूथ मध्ये येत नाही. डॉकमध्ये कन्सोल ठेवून जॉय-कॉन सुटे धरले की ब्लूटूथ आणि 2.4 चं वायफाय एकाच पट्ट्यात येतात.

तरीही गंभीरपणे स्पर्धा खेळायची तर केबलला पर्याय नाही. जुन्या डॉकला यूएसबीचा लॅन अॅडॉप्टर लावावा लागतो, ओलेड मॉडेलच्या डॉकला लॅनचं पोर्ट अंगचंच आहे.

टप्पा_आत

तपासलं. नॅट टाइप डी आहे, आणि कन्सोल 2.4 वरच होता. 5 वर आणला, अडखळणं बरंच कमी झालं. नॅटचं काय करू?

सर्व्हिस_लाइन

आधी राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना लागणारी पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू करा, राउटर बंद करून पुन्हा सुरू करा आणि टेस्ट परत घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यात डीचं बी होतं.

नाही झालं तर राउटरमध्ये कन्सोलला कायमचा आयपी पत्ता द्या आणि त्या पत्त्याकडे यूडीपीची 45000 ते 65535 ही पोर्ट वळवा. त्यानंतरही डीच राहिलं तर दोन शक्यता उरतात. एक, घरात दोन राउटर एकामागे एक आहेत आणि दोघेही नॅट करतायत, म्हणजे पत्ते बदलतायत. तसं असेल तर आतल्या राउटरला ब्रिज किंवा अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका. दुसरी, सेवा देणारी कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. मग घरातल्या राउटरमध्ये काहीही बदलून फरक पडत नाही, कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

क्रॉसकोर्ट

जोडणीची चर्चा झालीच आहे, पण खेळ म्हणून एसेस फार चांगला आहे, तेही लिहायला हवं. 2018 मध्ये कॅमेलॉटने तो बनवला तेव्हा ऊर्जापट्टीची कल्पना घातली, आणि सगळी मजा तिच्यात आहे. पट्टी झोन शॉटवर उडवायची, झोन स्पीडने चेंडू संथ करायला वापरायची की स्पेशलसाठी साठवायची, हा निर्णय प्रत्येक रॅलीत घ्यावा लागतो. सामने छोटे असल्याने हातातल्या कन्सोलवर ते छान बसतात. अॅडव्हेंचर मोड थोडक्यात संपतो, पण ब्लॉक आणि ट्रिक शॉट (उडी घेऊन लांबचा चेंडू गाठण्याचा फटका) शिकायला तोच उत्तम. हरलात तरी अनुभवाचे गुण मिळतात.

हातात धरून खेळताना एक अडचण येते. झोन शॉटचा नेम धरायची वेळ आली की कन्सोल हलवून नेम हलतो, आणि पडदाच हातात असल्याने तोही हलतो. डाव्या स्टिकनेही नेम धरता येतो. कन्सोल छातीशी स्थिर धरा, मोठी हालचाल स्टिकने करा आणि मनगटाने फक्त शेवटचा बारीक फरक द्या.

आता ऑनलाइन ब्लॉकचं. उशीर पाठ करण्यापेक्षा ब्लॉकची वेळच येऊ देऊ नका. समोरच्याला झोन शॉट मिळतो तो कोर्टवर चांदणीची खूण उमटते तेव्हा, आणि ती उमटते तुमचा चेंडू कमजोर परत गेल्यावर. त्याचा लाल टॉपस्पिन आला तर निळ्या स्लाइसने परतवा, स्लाइस आला तर टॉपस्पिनने. उलट फिरकी दिली की मागे ढकललं जाणं कमी होतं आणि तुमचा चेंडू सैल पडत नाही. तरीही झोन शॉट आलाच, तर आर दाबून धरा. झोन स्पीडने चेंडू संथ होतो आणि त्या संथपणात तीन फ्रेमची चूक पचते. त्यासाठी पट्टीत थोडी ऊर्जा कायम शिल्लक हवी. म्हणजे कॉम्प्युटरविरुद्ध पट्टी संपेपर्यंत हल्ला चालतो, ऑनलाइन तो चालत नाही.

ट्रिक शॉटही जपून. उजव्या स्टिकने तो चेंडू लांब असताना, शेवटच्या क्षणी मारला तर पट्टी भरते. चेंडू अंगावर येत असताना मारला तर उलट रिकामी होते. उशिराच्या जोडणीत तो शेवटचा क्षण हुकतो, म्हणून प्रतिस्पर्ध्याच्या जोडणीच्या पट्ट्या कमी दिसत असतील तर ट्रिक शॉट पट्टी भरण्यासाठी नव्हे, फक्त नाइलाज झाला तरच.

बेसलाइन

क्रॉसकोर्ट यांच्याशी सहमत. प्रतिस्पर्धी मिळाला की त्याच्या जोडणीच्या पट्ट्या दिसतात, त्यांवरूनच पहिल्या सर्व्हिसआधी डाव ठरवा. कमी पट्ट्या असतील तर वालुइजी किंवा बाउझर ज्युनिअरसारखा बचावाचा खेळाडू घेतलेला बरा. लांब पोच असल्याने अर्धा पाऊल उशीर झाला तरी चेंडू मिळतो. वेगाचे खेळाडू, योशी किंवा टोड, अशा जोडणीत फार त्रास देतात. त्यांचं बळ पळण्यात आहे आणि दिशा बदलायलाच उशीर होतो.

ऑनलाइन स्पर्धेत साध्या नियमांचा वर्ग वेगळा आहे. तिथे ऊर्जापट्टी नसते, म्हणजे झोन शॉट नाही, स्पेशल नाही, रॅकेट मोडणं नाही. खेळाचा निम्मा रस जातो हे खरं, पण वाईट जोडणीवर न्याय्य सामना तिथेच होतो.

पूर्ण नियमांचा सामना बिनउशिराचा हवा असेल तर दोन कन्सोल जवळ आणून लोकल वायरलेसवर खेळा. प्रत्येक कन्सोलवर खेळाची स्वतंत्र प्रत लागते. ब्लॉकचा सराव तिथे करा आणि जमलेली वेळ ऑनलाइन जशीच्या तशी वापरू नका. पहिल्या दोन रॅलींत नुसते चार्ज शॉट मारून बटण आणि फटका यांतलं अंतर डोळ्यांनी मोजा. मग तेवढं आधी दाबा.