बूच नको, सुकवणं हवं
ऑक्टोपस आधी शिजवून मग निखाऱ्यांवर कसा भाजायचा, या चर्चेत दोघांनी लिहिलंय की उकळत्या पाण्यात वाइनच्या बाटलीचं बूच टाकलं की तो मऊ होतो. मला पटत नाही. बूच घालून आणि न घालता, दोन्ही करून पाहिलं; काहीही फरक नाही. मऊ होतो तो गोठवल्याने. बर्फाचे स्फटिक होताना मांसाचे तंतू तुटतात. ग्रीसमधले कोळी तो खडकावर आपटतात, तेही यासाठीच. म्हणून गोठवलेला मिळाला तर नाक मुरडू नका. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, चोच (बाहूंच्या मधोमध असलेलं कडक तोंड) काढा आणि पाणी न घालता जाड पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर ठेवा. त्याला इतकं पाणी सुटतं की त्यातच तो शिजतो. किलोभराला साधारण पाऊण ते एक तास. मीठ नको, तो मुळातच खारट असतो. माकुलासारखा (स्क्विडसारखा) दोन मिनिटांत काढायचा मात्र नाही.

कुणीच न लिहिलेली गोष्ट म्हणजे सुकवणं. पहिल्यांदा मी पातेल्यातून काढून थेट निखाऱ्यांवर टाकला, तर नुसती वाफ झाली आणि साल जाळीला चिकटून सोलून निघाली. आता त्याच रसात गार होऊ देते, मग कोरडा टिपून ताटात उघडाच दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवते. ऑलिव्ह तेल चोळून कडक निखाऱ्यांवर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात: टोकं कुरकुरीत, आत लोण्यासारखा. लिंबू आणि ओरेगानो वरून. आणि शिजल्यावर वजन जवळजवळ निम्मं होतं, तेव्हा माणसं मोजून आणा.