मदत हवी आहे: उबुंटूवर बांधलेलं पॅकेज डेबियनवर उघडत नाही

फोंड्यातल्या वाचनालयासाठी पायथॉनमध्ये पुस्तक-नोंदीचा छोटा मुक्त प्रोग्रॅम लिहिलाय. विंडोजवर झकास चालतो. लिनक्ससाठी पायइन्स्टॉलरने (पायथॉन प्रोग्रॅमचं थेट चालणारं पॅकेज बनवणारं साधन) उबुंटू २४.०४ वर बांधला, तर वाचनालयातल्या डेबियन १२ वर ‘जीलिबसी २.३८ सापडत नाही’ म्हणतो. (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी.) डेबियनकडे २.३६ आहे. त्याच उबुंटू मशीनवर ॲपइमेज (एकाच फाइलमधलं पॅकेज) करून पाहिली, तीच रड. (जीलिबसी तिच्यात भरली जात नाही, हे नंतर कळलं.) फ्लॅटपॅक (लिनक्सचा आणखी एक पॅकेज-प्रकार) नको, वाचनालयात इंटरनेट नाही, सगळं पेनड्राइव्हवरून. जीलिबसी बदलून मशीनशी खेळायचं नाही.

आता डेबियन १२ च्या डॉकर कंटेनरमध्ये (माझ्याच मशीनवरच्या वेगळ्या, बंदिस्त डेबियनमध्ये) बांधणार आहे. तेच पॅकेज उबुंटू २४.०४ वरही चालेल, की दोन वेगळी द्यावी लागतील? आणि रिलीज नोट्समध्ये जीलिबसीची किमान आवृत्ती लिहू की सरळ डिस्ट्रोंची (उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या प्रकारांची) नावं?