शिंपल्यांपेक्षा करवंटी बरी

पणजीतल्या मिरामारच्या किनाऱ्यावरचे शिंपले फिशटँकमध्ये घालावेत का, असं एकाने विचारलंय. शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळतं, पाणी जड (क्षारयुक्त) होतं आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, वाढतो. गप्पी, मॉली या माशांना ते चालतं, निऑन टेट्रा माशाला नाही.

त्यापेक्षा माशांना लपायला गोव्यात घरोघरी असणारी नारळाची करवंटी घ्या. खोबरं पूर्ण खरवडा, राहिलं तर कुजून पाणी नासतं. मग पाणी बदलत, रंग सुटणं कमी होईपर्यंत उकळा, कडा नीट घासा, दारापुरता तुकडा कापून पालथी ठेवा.

पिल्लांना मात्र एवढं पुरत नाही. गप्पीची आईसुद्धा आत शिरून त्यांना खाते! त्यांच्यासाठी जावा मॉस या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळाचा दाट झुपका हवाच. आणि रंगवलेल्या पणत्या कृपया घालू नका, रंग पाण्यात उतरतो.